बेचाळीस अंश

तुझे हात गार आहेत सीत्से, मी म्हटलं,
पण ते फक्त खांद्याला कळलं होतं.
खांद्याखाली, जिथे छाती होती
आणि आता घाईत घातलेल्या शिवणीसारखा व्रण आहे,
तिथे तू किती वेळ बोट ठेवलं होतंस, देव जाणे.

आठ चकत्या, कोटाच्या बटणाएवढ्या.
मागच्या खेपेला वायरी होत्या,
जराशी कूस बदलली की ओढायच्या,
खुंटीला बांधल्यासारखी पडून असायचे.
आता मधे काही नाही.
चकत्या भिंतीपलीकडे तुझ्याशी बोलतात
माझ्याबद्दल, मला न विचारता.

वर कोमट पाण्याची पिशवी, पिशवीवर यंत्र.
एक तास. बेचाळीस अंश.
गाठीला सोसवणार नाही इतकं,
कातडीला सोसवेल इतकं;
या दोहोंच्या फटीत मी उताणी.

चाळीस वर्षं काचेखाली टोमॅटो काढले मी, वेस्टलँडात.
बाहेर डिसेंबर, समुद्रावरचा वारा,
आत माझ्या बाह्या कोपरापर्यंत वर.
तापमापक होतेच, ओळीओळीला टांगलेले.
तरी मी पानाची मागची बाजू गालाला लावून बघायची.
कोर हसायचा,
आणि बॉयलर माझ्या गालाला विचारूनच लावायचा.

"चटका बसतोय का, मेफ्राऊ?" स्पीकरमधून तू.
नाही.
"सहा नंबर चव्वेचाळीसकडे चाललाय."
मला काहीच होत नाहीये रे.
"तेच तर," म्हणालास,
आणि यंत्राची घरघर खाली आली.

कोणीतरी माझ्या वतीनं भाजून घेत होतं,
मी छताचे चौकोन मोजत होते.
मग पिशवीत ऐकू आलं:
बुडबुड. थांबून, पुन्हा बुडबुड.
हा आवाज मी झोपेतही ओळखीन.
नळीत हवा अडली की पाणी पुढे सरकत नाही,
अर्धी ओळ उकडते, शेवटचं रोप गारठतं,
आणि मालक हवामानाला शिव्या देतो.

पिशवी उचल, म्हटलं, डाव्या कोपऱ्याकडून. हवा आहे.
तू आत आलास, वाकलास.
होती. लिंबाएवढी.
सहा नंबरवर नेमकी ठाण मांडून.

उरलेली एकवीस मिनिटं
तू मला मेफ्राऊ म्हणाला नाहीस,
याकोमिना म्हणालास.

चकत्या काढायला लागलास तेव्हा मी म्हटलं,
एक राहू दे. सहाचीच.
पडदा इकडे वळव.
पाणी गेल्यावर कातडी निवत चालली होती,
बत्तीस पूर्णांक सहावर येऊन थांबली.
मी माझा तळवा ठेवला.

व्रणाला काही कळलं नाही.
तेहतीस.
तेहतीस पूर्णांक दोन.
खिडकीतून मास नदी दिसत होती, वाळूचं एक गलबत
इतकं सावकाश की उभंच वाटावं.
तेहतीस पूर्णांक पाच.

बाहेर पुढची बाई कोट मांडीवर घेऊन बसलेली,
तरी तू विचारलं नाहीस,
झालं का.