माकुळाचा धागा

डॉक्टर एदुविखिस ओयार्सून यांचे हात कापत.
लहानपणापासूनच. चमचा बशीवर वाजे,
सही दर वेळी निराळी,
वाल्पाराइसोच्या बँकेतला कारकून मान हलवत चेक परत करी.
हे त्यांच्या कुठल्याच प्रबंधात लिहिलेलं नाही.

मी बेलिसारिओ आंकामिलची थोरली पोर.
पहाटे बाप होडी ओढे, मी बादली.
माझ्या कमरेएवढं माकूळ, रागानं लालपांढरं होणारं,
टेकडीवरच्या शेडपर्यंत. पूर्वी तिथं मासे खारवत,
भिंतींना अजून वास होता.
दर माकुळामागे दोन पेसो आणि शिळा पाव.

एकदा बाई म्हणाल्या, थांब.
आवरण उभं चिरलं, दिव्यासमोर धरलं.
"हा पांढुरका धागा बघ.
माणसात असा शोधायला गेलीस तर आयुष्य सरेल.
याच्यात गळाच्या दोरीएवढा जाड.
देवाची चूक म्हण, नाहीतर आपल्यावरचा उपकार."
आणि चिमटा माझ्या हातात दिला.
मी चौदाची. जाळी विणणारे हात.

त्यानंतर एकोणीस वर्षं
त्या विचार करायच्या आणि मी सोडवायची,
गार समुद्राच्या पाण्यात, श्वास रोखून,
एकही फांदी न दुखवता.
काचेची नळी आत सरकली की पडद्यावर हिरवी रेघ उडे,
उडे आणि बसे.
"बोलला," म्हणायच्या त्या.
दर वेळी.

ज्या वर्षी पाणी कोमट झालं, माकुळं निघून गेली.
दोन हंगाम शेडमध्ये नुसती वही.
त्या वहीतून जे गणित निघालं
ते आता परदेशातली मुलं पाठ करतात म्हणे.
मला त्यातलं अक्षर कळत नाही.
मला एवढंच ठाऊक, त्या थंडीत बाईंनी शाल विकून रॉकेल आणलं.

मग सैनिक आले.
रेडिओ आहे म्हणत यंत्र उचललं.
"कुणाला निरोप पाठवता?"
"पाठवत नाही. ऐकते."
"कुणाचा?"
"माकुळाचा."
कोवळ्या सार्जंटनं ते लिहून घेतलं,
एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं.

यंत्र परत आलं नाही. बाई ओस्लोला गेल्या,
तिथंच म्हाताऱ्या झाल्या, बर्फात.
पदक मिळालं तेव्हाचा फोटो पेपरात आला:
हात पाठीमागे बांधलेले.
लोकांना वाटलं, काय रुबाब.

नंतर कधीतरी टपालानं चिमटा आला, कापसात गुंडाळलेला.
चिठ्ठीखालचं नाव कुणालाच वाचता येईना.
मी ओळखलं.

आता बंदरावर माकुळं साफ करते.
नुकतंच उतरलेलं असलं की सुरी पाठीशी येते
आणि बोट आपोआप थांबतं.
गिऱ्हाईक घाई करतं, करू दे.
धागा अलगद सोडवते, कपातल्या खाऱ्या पाण्यात ठेवते.
माकूळ मेलेलं असतं.
धागा अजून तीन-चार तास मेलेला नसतो.
दुपारपर्यंत तो तिथं, मिरच्यांच्या टोपलीशेजारी,
कुणी विचारलंच तर बोलेल, अशा बेतानं.