आतली बाजू

एल्स्पेथबाई शिडी धरून खालून सांगते :
साबण थेंबभरच. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, फर्गस.
रबराची पट्टी जरा कलती धर,
दर ओढीनंतर पूस तिला.
आधी वरची कड कोरडी, मग खाली
एका श्वासात.

पीटरहेडची हवा खारट.
रात्रीत मीठ बसतं काचांवर,
कुरवांची शिट वेगळी.

आठ घरं झाली. आठही घरांवर माझे ओघळ,
ऊन तिरपं झालं की
चहाडी करणारे.

नवव्या घरी एकच रेघ उरली.
पुसली. पुन्हा ओलं केलं, ओढलं.
कोरड्या फडक्याने, मग बाहीने,
मग लाज सोडून थुंकी लावून.
रेघ ढिम्म.

तेवढ्यात पडद्याखालून एक म्हातारा कुत्रा आला,
नाक टेकवलं नेमकं तिथेच
आणि रेघ वीतभर लांबवली.

एल्स्पेथबाई हसली, शिडी थरथरेपर्यंत.
"पैसे बाहेरच्या बाजूचे घेतो रे आपण."

उतरलो. वळून पाहिलं :
काच नव्हतीच जणू,
नुसतं एक ओलं काळं नाक, हवेत,
आणि त्याच्यापुढे वाफेचा इवला ढग,
येणारा, जाणारा.