दुभाषी

नवतपाचा चौथा दिवस.
सकाळी साडेसहालाच नळाचं पाणी कोमट.
निरंजन बुटीबोरीच्या बससाठी निघाला
पँटच्या खिशात कांदा घेऊन,
आणि दारातून परत फिरून विचारतो,
"रात्री कितीदा उठली?"
मी मोजायचं सोडलंय.
एकदाच उठली असेल,
फक्त ते एकदा रात्रभर लांब होतं.

यशोधरा पावणेतीन वर्षांची.
तिला आता स्वतः चड्डी घालता येते, दोन्ही पाय एकाच भोकात,
आणि तशीच ती उड्या मारत येते मोरीपासून कूलरपर्यंत,
हातात मग्गा, अर्धं पाणी फरशीवर.
"मी भरते. मीच भरते."
तिच्या मग्ग्याने कूलर भरेस्तोवर मृग लागेल.
तरी मी म्हणते, भर बाप्पा.
तेवढ्यात धाकटीचं लंगोट बदलून होतं.

धाकटीच्या नावावर घरात अजून एकमत नाही.
मालिशवाली तुळसाबाई तिला चिमणे म्हणते,
सासूबाई फोनवर बुढी,
खालच्या मेश्राम मावशी नुसतंच विचारतात,
"काहून रडून राहिली जी पोट्टी?"
आणि मला खरंच माहीत नसतं, काहून.
भूक नाही, ओलं नाही, घामोळ्यांना पावडर लावली,
खांद्यावर घेऊन खोलीला सतरा फेरे झाले.

यशोधराला मात्र माहीत असतं.
ती पाळण्याशी जाते, कान लावते
आणि सांगते,
"ती म्हणून राहिली, मले आंबा पायजे."
आंबा कापला. कोय यशोधराने चोखली,
कोपरापर्यंत ओघळ.
"ती म्हणून राहिली, टीव्ही लाव."
टीव्ही लावला.
"ती म्हणते, ताईले कुल्फी."
दात नाहीत, मान धरत नाही,
आणि भाषा इतकी स्वच्छ!
मी म्हटलं, तिला सांग, कुल्फी संध्याकाळी.
तिने वाकून सांगितलं. धाकटी आणखी जोरात.
"नाई ऐकत," यशोधरा म्हणाली हात झटकून,
हुबेहूब माझ्यासारखी.

दुपारी लाइट गेली.
कूलरचा पंखा थांबत थांबत थांबला,
वाळ्याच्या ताट्यांतून थेंब पडत राहिले थोडा वेळ,
मग तेही नाही.
नारी रोडवर कुत्रंसुद्धा दिसेना.
खिडकीला बांधलेली ओली साडी
वीस मिनिटांत पापडासारखी कडक.
धाकटी माझ्या छातीशी, मधे घाम,
तिचं कातडं कुठे संपतं, माझं कुठे लागतं, कळेना.
यशोधराचा आवाज नव्हता.
आवाज नाही म्हणजे काहीतरी चाललंय.

ती स्वयंपाकघरातून आली, दोन हातांत दोन कांदे.
एक ठेवला रिकाम्या पाळण्यात, उशीशी.
एक माझ्या गाउनच्या खिशात कोंबला.
"ऊन लागते ना."
तिसरा नव्हता.
तुझा कुठे, असं मी विचारलं नाही.

धाकटी पुन्हा सुरू झाली.
यशोधरा उभी, पडद्याचं टोक तोंडात.
"काय म्हणते गं ती?"
या वेळी तिने कान लावला नाही.
दाराकडे बघत म्हणाली,
"म्हणते, ताईले घे."

मी धाकटीला चटईवर ठेवलं.
तशीच, रडती.
आणि तेरा किलोच्या, आंब्याने चिकट झालेल्या
त्या बाईला मांडीवर घेतलं.
टाके ओढले.
केवढे लांब झाले हिचे पाय!
गुडघा माझ्या बरगडीत, टाच पार चटईबाहेर.
सव्वा महिन्यात हे कधी झालं, मी तर इथेच होते.
तिने डोळे मिटले, मुद्दाम, घट्ट,
आणि दिवाळीत सोडलेला अंगठा
पुन्हा तोंडात घातला.

खालून हाक आली, "काहून रडून राहिली जी?"
यशोधराने अंगठा काढला, ओरडून सांगितलं,
"काई नाई मावशी, तिचं तिचं बोलून राहिली!"
अंगठा परत आत.

पाच मिनिटं असतील. सहा.
मग लाइट आली, कोरड्या टाकीत पंप खरखरला,
आणि ती मांडीवरून उतरली
मग्गा शोधायला.