दुधाचे खाडे

येळवशीच्या सुटीला वरच्या तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या.
देवणीची गेली, औराद शहाजानीची गेली,
अहमदपूरच्या दोघी बहिणी तर परवाच,
वडिलांच्या मोटारसायकलवर, मधे बॅग, मागं उशी.
जिन्यात आता चपला नाहीत.
टाकी दुपारपर्यंत भरलेलीच राहते
आणि मला उगाच वाटतं, नळाला काहीतरी झालंय.

आम्हीही शेतात जाऊन आलो.
कडब्याच्या खोपीत पाच पांडव बसवले.
ह्यांनी एकाला चुना इतका लावला
की त्याची शाल पांढरी झाली.
आंबिलाचं बिंदगं मन्मथनं डोक्यावर घेतलं, हेडफोन न काढता.
पुण्याहून आलेलं लेकरू, त्याला काय बोलायचं.
बांधापर्यंत सांडत सांडत आलं.

घरी येऊन जुनं कॅलेंडर उतरवलं.
वर्षाचे दोन दिवस उरले होते खरे,
पण खिळा हलत होता.

सगळ्या चौकोनांत माझंच अक्षर.
चोवीस फेब्रुवारी, सिलेंडर.
एप्रिलभर नुसतं टँ, टँ, टँ. टँकरचं.
बारा जूनला मोटर जळाली.
आणि मे महिन्यात दुधाला सलग अकरा खाडे.
तेव्हा ह्यांना घेऊन सोलापूरला होते मी, अँजिओग्राफीला.
त्या अकरा फुल्यांत तो लाकडी बाक नाही,
रात्री दोनला सही मागणारी सिस्टर नाही.
एवढंच, की दूध घेतलं नाही.

मग चौदा ऑगस्टला एक गोल.
जांभळ्या पेनाचा, दोनदा गिरवलेला.

‘हे काय हो?’
‘हप्ता असंल.’
‘हप्ता पाच तारखेला.’
‘मग भिशी.’
भिशी नव्हती, एकादशी नव्हती, कुणाचा वाढदिवसही नव्हता.
मन्मथ म्हणाला, ‘तूच केला असशील आई, विसरलीस.’
विसरते मी हल्ली. पण जांभळ्या पेनानं मी लिहीत नाही.

संध्याकाळी कंधारची आम्रपाली खाली आली.
ती एकटीच मागं राहिलेली, सोमवारी टेस्ट म्हणून.
भज्जी-भाकरी वाढली तिला ओट्याजवळ.
घासागणिक हृदयाचे कप्पे पुटपुटत होती.
मधेच कॅलेंडरकडे बघून थांबली.

‘काकू, तो गोल म्या काढलाव. चुकलं.’
‘काहून काढलीस?’
‘त्या दिवशी रडले नव्हते. पैल्यांदाच.
सांगावं कुणाला, म्हणून तिथं.’

मी पान उलटं केलं, जुलैवर गेले.
मग जूनवर.
ती आली त्या सोमवारपासून तेरा ऑगस्टपर्यंत
माझ्या डोक्यावर, एका स्लॅबच्या पलीकडे,
रोज रात्री.
आणि खाली मी पेन्सिलीनं मांडत गेलेली :
अर्धा, अर्धा, एक, अर्धा.
एकही खाडा नाही.

काही बोलले नाही. अजून एक पळी वाढली.
नको नको म्हणाली
आणि बोटानं ताट पुसून खाल्लं.

रात्री नवं कॅलेंडर लावलं,
पतसंस्थेचं, वर चेअरमनचा हसरा फोटो.
भोकात कागदाची घडी कोंबून खिळा घट्ट केला.
जुन्याची पानं दरवर्षी डब्यांखाली जातात.
ऑगस्टचंही गेलं, ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली.
गोल वरच्या बाजूला ठेवला, एवढंच.

सकाळी दूधवाल्यानं विचारलं, ‘मावशी, किती?’
म्हटलं, ‘एक.’
आतून ह्यांचा आवाज आला,
‘पोरी तर गेल्या की समद्या. एक कशाला?’
पातेलं पुढं धरून मी उभी होते.
थंडी खूप होती. दुधातून वाफ येत होती.