माझी सुट्टी झाली

चौथ्या दिवशी माझी सुट्टी झाली, कागदावर.
बाळाची नाही.
म्हणून मी अजून यवतमाळलाच,
जिन्याखाली, चटईवर.

दर दोन तासांनी सिस्टर हाक मारते,
"रंजू मेश्रामचं बाळ!"
रंजू मेश्राम म्हणजे मी,
हे कळायला जरा वेळ लागतो.
चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे,
वाटीत दूध पिळायचं.
चार थेंब. कधी सहा.
गायीलासुद्धा पान्हा सोडायला
वासरू पुढ्यात लागतं.

गावाहून फोन येतो, "वजन किती भरलं?"
बाजार समितीत विचारावं तसं.
अकराशे वीस, मी सांगते.
काल अकराशे तीस होतं, ते सांगत नाही.

एका रात्री मशीन वाजत होती
आणि मनात आलं,
थांबली एकदाची तर मी झोपेन.
खरंच आलं.
तेव्हापासून हात धुतेच आहे.
"साबण संपवशील का, बाई?" सिस्टर म्हणाली.

घाटंजीच्या पुष्पकलेला सांगितलं, लाइट गेल्यावर.
तिची जुळी. एक उरलंय.
बराच वेळ नुसता फल्ल्या फोडल्याचा आवाज.
मग म्हणाली,
"मलेबी आलतं वं मनात. तिसऱ्याच रात्री."
अन् मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

आज त्याला छातीवर दिलं, नळीसकट.
ओल्या दुपट्ट्याएवढा भार.
माया आली का? माहीत नाही.
मी त्याचे श्वास मोजत होते,
सत्तेचाळीसपर्यंत आठवतंय.
पुढं मोजायचं राहून गेलं.