रकाना

‘शेवटची पाळी कधी?’
रेश्मा म्हणाली, ‘होडये वर काढले, तेवा.’
म्हणजे जूनची एक तारीख.
पण यंदा वादळाचा इशारा होता,
आचऱ्याला निम्म्या होड्या वीस मेलाच वर आल्या.
कुबलांची कुठल्या निम्म्यात, तिला आठवेना.

एका हिशेबानं सत्तावीस आठवडे,
एका हिशेबानं एकोणतीस.
सत्तावीसला गर्भपाताचं रजिस्टर,
एकोणतीसला जन्माचं.
दोन्ही कपाटात, एकाच फळीवर.

काट्यावर एक किलो चाळीस.
नखं बोटांच्या टोकाशी पोचलेली नाहीत.
वॉर्मर आहे. वीज चारपासून नाही.
ओरोसला न्यायची गाडी
कणकवलीहून निघालीय म्हणे.

रेश्माला सलाईन. मी जयवंतला म्हटलं, शर्ट काढ.
‘आंगाक बांगड्याचो वास येता, बाई.’
येऊ दे.
उघड्या छातीवर पोर पालथी ठेवली, बेडकासारखी,
वरून ओढणी गच्च बांधली,
डोक्याला टोपी म्हणून माझा धुतलेला मोजा.

दोनदा ती श्वास घ्यायचं विसरली.
दोनदा मी तळव्यावर टिचकी मारली.

टॉर्च दातांत धरून कपाट उघडते.
‘होड्या वर काढल्यापासून’
असं रकान्यात लिहिता येत नाही.
एकोणतीस लिहिते. मुलगी. जिवंत.
खाडा‌खोड नको म्हणून पेनानं, ठळक.

नाव काय लावू, विचारते.
जयवंत नुसते डोळे हलवतो.
बोललं तर छाती हलेल.