बिळाची खोली

संध्याकाळी चाळीस पिंजरे लावले,
पत्र्याचे, चहाच्या डब्याएवढे.
आत सुकटीची चिमूट, भाजलेले शेंगदाणे
आणि रात्री काकडू नये म्हणून कापसाचा बोळा.
बामणोलीहून लाँच, मग अडीच तास चढण.
झोरेमामा पुढे, टायरच्या वहाणांत,
मी मागे, बुटांत ओढ्याचं पाणी घेऊन.

अंजनीच्या बुटक्या रानात पाऊल वाजत नाही.
खाली पाला, पाल्याखाली पाला,
त्याखाली तांबडी माती आणि तिच्या पोटात
कुणाचं तरी बिऱ्हाड.
मामा वाकले. मला वाटलं कान लावतील.
नाक लावलं.
"हितं हाय. कारवीचं बी खाल्लंय, तेलकट वास येतोय."

गेल्या पावसाळ्यात कारवी फुलली होती डोंगरभर,
आठ वर्षांनी एकदा फुलते तशी.
आता शिमग्याच्या उन्हात बोंडं तडकतात
आणि रात्रभर पाल्याखालून ये-जा.
आठ वर्षांनी मांडलेली पंगत,
जेवणारे दीड वर्ष जगणारे.
यांच्या खापरपणजोबांनीही
ही गोष्ट ऐकीवच सांगितली असेल.

पहाटे सतरा नंबरचं दार पडलेलं.
कापडी पिशवीत अलगद उलटवली.
पाठ वाळल्या पाल्याची, पोट धुतल्या तांदळाचं,
शेपूट अंगाहून लांब.
बासष्ट ग्रॅम. मादी. पाजती.
शेवटचा शब्द मी दोनदा लिहिला.
खुणेसाठी कानामागची बट कातरली तेव्हा
मुठीत काळीज इतकं जलद
की ठोके सुटे मोजताच येईनात.

सोडली.
बीळ चार हातांवर. आम्हा तिघांनाही ठाऊक.
ती तिकडे गेलीच नाही.
उलटी, दगडांच्या बाजूला, कारवीत,
आणि तिथून डोळाभर
आमच्याकडं बघत बसली, आम्ही कधी जातो ते.

मामा पोट धरून हसले.
मग तंबाखू मळता मळता म्हणाले,
"आमच्या वस्तीवर पैला मोजणीवाला आला तवा
बापानं म्हशी रानात हाकलल्या.
कुणाचं घर कंचं, त्यानं इचारलं
तर ज्यानं त्यानं बमू कोकऱ्याचंच दावलं.
एका छपरात एकोणीस माणसं लिवून गेला त्यो.
बमू तर तवा एकलाच ऱ्हायचा."

तक्त्यात रकाना होता: बिळाची खोली.
मी कारवीची वाळली काठी आत सरकवली.
कोपरापर्यंत गेली, मग वळणाला अडली.
"किती खोल्या लिवल्या?" मामा.
खोली म्हणजे इथं खोलपणा,
असं सांगायला गेले आणि जीभ थांबली.
"तीन धरा," ते म्हणाले. "एक बाळंतिणीची,
एक दाण्याची,
आन् एक पळायची. ती मोठी आसती."

जरा पुढं, मातीच्या एकाच मुठीतून
जांभळाची सात रोपं वर आलेली,
एकमेकांच्या अंगावर रेलून.
कुणीतरी दडवून ठेवलेल्या बिया.
ठेवणारी विसरली असेल,
किंवा घुबडाला आठवली असेल.
मामांनी पाय लांब टाकला, रोपं वाचवून,
आणि त्याबद्दल काही बोलले नाहीत.

परतताना लाँचमध्ये तक्ता पुरा केला.
खोली: काठी अडली तिथवर, बेचाळीस सेंटिमीटर.
बिळाचं तोंड: आढळलं नाही.
मामांना वाचता येत नाही,
तरी त्या ओळीवर त्यांची नजर जरा रेंगाळली.

साताऱ्यात भाड्याच्या खोलीवर पोचले तर
जिन्यातच मालकीणबाई. कुठं होतात, कुणाबरोबर, किती दिवस.
कोयनेकडे, म्हटलं. कामाला.
आणि कुलूप काढायला उगाच वेळ लावला,
त्या खाली जाईपर्यंत.

मोजा झटकला तर कारवीचं एक बी पडलं,
चपटं, मसुरीएवढं.
टाकवेना. ठेवायला जागा सुचेना.
भिंतीत पलंगामागं एक फट आहे.
तिथं सरकवलं, बोट पुरलं तिथवर.
पुढं ती किती आत जाते, अजून पाहिलेलं नाही.